कारवी : सह्याद्रीच्या उतारावरील फूल

परिसर अभ्यासाच्या पाठात गुलाब व कमळ यांची माहिती मुलांना नेहमीच दिली जाते. परंतु ज्या वनस्पतीच्या कुडाने डोंगरकपारीतील कित्येक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्या कारवीचा परिचय करून देण्याचे मात्र राहून जाते.

कारवी हे झुडूप मुख्यत्वे सह्याद्रीत आढळते. माथेरान, खंडाळा, भीमाशंकर, महाबळेश्वर आणि मुंबईलगतची बोरिवलीची टेकडी ही तिची परिचित स्थाने होत. भरपूर पाऊस, निचऱ्याची जमीन व तीव्र उतार जेथे असतील, तेथे वृक्षांच्या छायेत व उघड्या कड्यांवरही तिची दाट राने माजतात. तिच्या मुळांनी उतारावरील माती धरून ठेवली जाते. कास पठारावरील ठेंगणी, टोपलीच्या आकाराची टोपली कारवी मात्र निराळी, हे मुलांस स्पष्ट करावे.

कारवी दरवर्षी फुलत नाही. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या उरतात; असा क्रम सुमारे सात ते आठ वर्षे चालतो. मग एका पावसाळ्याच्या उत्तरार्धात सारे रान एकदम निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जाते व मधमाश्यांची गर्दी उसळते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ व २०२४ या वर्षी असा बहर आला. फुलोऱ्यानंतर बी धरून झुडपे मरतात. सुकलेली बोंडे ओलावा लागताच तडकून बी उडते आणि पावसाळ्यात नवी रोपे उगवतात.

यातच धोकाही आहे. बी पडण्यापूर्वी तोड झाली, अथवा कोवळी रोपे वणव्यात वा गुरांच्या पायांखाली गेली, तर जुने रान मेलेले व नवे उगवलेले नाही, अशी स्थिती होते. मग उतारावरची माती पावसाबरोबर ओढ्यात जाते. म्हणून बहराच्या वर्षी बी झडेपर्यंत काठ्या तोडू नयेत, हे मुलांच्या मुखाने घरोघर पोहोचावे.

चार इयत्तांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलास हा बहर एकदाही दिसणार नाही, असे सहज घडू शकते. शिक्षकांचीही तोवर बदली झालेली असते. यास्तव डोंगराळ भागातील प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. तीत बहराचे वर्ष, ठिकाण, पहिले फूल दिसल्याची तारीख व पुढील पावसाळ्यात रोपे उगवली की नाही, एवढे लिहावे. एका शिक्षकाने आरंभिलेली नोंद दुसऱ्याने पुरी करावी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झुडपाच्या शास्त्रीय नावात ‘कार्व्हिया’ हा आपल्याच बोलीतील शब्द घेतला आहे. त्या नावाची ओळख आपल्या मुलांस तरी असावी.