सरहद्द पैनगंगेकाठची

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या खोऱ्यातले जुने गाव. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज हे या पाथरीचेच कुलकर्णी, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. गाव मात्र होते वऱ्हाडच्या इमादशाहीत. निजामशहाला वाडवडिलांचे वतन हवे, इमादशहा ते सोडीना. अखेर सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यापायी तलवारी उपसल्या गेल्या. पण त्या भांडणात एक गोष्ट स्वच्छ होती. चालून आलेली फौज कोणाची, आणि जाब विचारायचा तो कोणाला, याविषयी कोणाच्या मनात संशय नव्हता.

चार शतकांनंतर याच मुलखात असा संशय उभा राहिला. १९४७ साली हैदराबाद संस्थान स्वतंत्र भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. परंतु सरहद्दीवर काही 'जैसे थे' राहिले नाही. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात आजचे हिंगोलीही होते. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे भारतीय संघराज्य. बार्शी-सोलापूरकडे तर सरहद्द म्हणजे निव्वळ गुंता! संस्थानाची गावे संघराज्याच्या पोटात, संघराज्याची संस्थानाच्या पोटात. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हे असेच एक गाव. जुलै १९४८ मध्ये तिथे भारतीय जवानांशी चकमक झडली.

लढणारे होते तरी कोण? मूळचा लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार. ही निजामाची फौज नव्हे, पोलीसही नव्हेत. पण निजामाच्या पोलिसांसमोर ते बंदुका मिरवीत, गावे लुटीत, आणि सरकार त्याकडे डोळेझाक करी. भारताने तक्रार करावी, तर हैदराबादने म्हणावे, हे स्वयंसेवक आहेत!

सरहद्दीच्या या बाजूनेही बंदुका होत्या, हे विसरून चालणार नाही. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीलगत शिबिरे उघडली होती. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांतले नावाजलेले. तिथून तरुण संस्थानात शिरत, करोडगिरीची नाकी उडवीत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेडकडील उमरी येथील बँक त्यांनी लुटली, तीही लढ्याच्या खर्चासाठी. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. निजामाच्या दप्तरी मात्र ते दरोडेखोर होते.

मग अशी सरहद्द राखायची कशी? भारताने लष्कर आणले, मालाची नाकेबंदी केली. तरीही सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे संस्थानात उतरवीतच होता. जमिनीवर नाकी बसविता येतात, आभाळाला फाटक कोठून लावणार? त्याच सुमारास काश्मीरमध्येही हाच धडा मिळाला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये तिथे घुसलेल्यांना टोळीवाले म्हटले गेले, पण त्यांच्या पाठीशी पाकिस्तानचे हात होते.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. पुढे रेडिओवरून त्याने सारा दोष रझवीच्या गटावर ठेवला. पण शस्त्र धरण्याचा अधिकार राज्याने खाजगी हातांत जाऊ दिला, की त्या हातांच्या पापातून राज्याला अंग काढून घेता येत नाही. पैनगंगेकाठी नाकी कमी पडली नव्हती. पलीकडे जबाबदारी घेणारे सरकारच उरले नव्हते.

आणि म्हणूनच या कथेचा शेवट १७ सप्टेंबरच्या विजयाशी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरहद्द पुसली गेली, रझाकार पळाले. त्यानंतर सूड मात्र निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक वर्षे कुलपात राहिला.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिनाचा झेंडा फडकतो, आणि तो फडकलाच पाहिजे. पण मुलांना रझाकारांची गोष्ट सांगताना ही उरलेली गोष्टही सांगावी. परक्या टोळीपासून सरहद्द राखणे हे सरकारचे काम. आपल्याच गावातल्या शेजाऱ्याला जमावापासून राखणे हेही त्याच सरकारचे, आणि तितकेच आपलेही.