मोटर तीच, पैसे तिप्पट

बाड विल्डबाडच्या उतारावर एका ओल्या शनिवारी माझा मागचा ब्रेक गेला. लिव्हर कडक लागत होता, बोटं पूर्ण जोर लावत होती आणि सायकल मात्र पळतच होती. पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवून, चाक कडेच्या मऊ मातीत घालून मी कसाबसा थांबलो. मागची डिस्क निळी-जांभळी पडली होती आणि जळक्या राळेचा उग्र वास सुटला होता. श्वास जागेवर आल्यावर खाली वाकून पाहिलं, तर डिस्कच्या पात्यावर बारीक अक्षरं कोरलेली दिसली: ‘रेझिन पॅड ओन्ली’. या डिस्कवर फक्त राळेचे मऊ पॅड चालतील, असा त्याचा अर्थ. धातूमिश्रित पॅड लावले तर डिस्कच झिजून जाईल. राळेचे पॅड शांत असतात, गावातल्या सायकलला उत्तम. पण २५ किलोची सायकल आणि तिच्यावर ८० किलोंचा माणूस ३०० मीटर सरळ खाली उतरत असेल, तर ते तापतात आणि पकड सोडतात.

त्या सायकलची किंमत होती ५,२०० युरो, रुपयांत पाच लाखांच्या वर. चांगल्या दोन डिस्क आणि धातूचे पॅड मिळून खर्च आला दीडशे युरोंच्या आत. पाच हजारांचं यंत्र दीडशे युरोंनी माणसात आलं. या सायकलींच्या किमतीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो तो त्या दिवसापासून.

मी स्टुटगार्टजवळ राहतो, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करतो आणि सुट्टीचा बराच वेळ ब्लॅक फॉरेस्टात सायकलवर काढतो. ज्या यंत्राबद्दल लिहितोय त्याला ‘लांब ट्रॅव्हलची इलेक्ट्रिक माउंटन बाइक’ म्हणतात. ट्रॅव्हल म्हणजे शॉकअप किती दबतो ते अंतर. हिच्या पुढच्या चिमट्याला १७० ते १८० मिलीमीटर ट्रॅव्हल असतो, मागच्या चाकाला १६० ते १८०. आपल्याकडच्या हिमालयन मोटारसायकलचा पुढचा ट्रॅव्हल २०० मिलीमीटर आहे आणि तिचं वजन दोनशे किलोंच्या आसपास. इथे जवळपास तेवढीच दबण्याची ताकद २२ ते २६ किलोंच्या सायकलीत बसवलेली असते. मोटर पेडलच्या आसाशी, बॅटरी खालच्या जाड नळीत. मोटर पेडल मारलं तरच साथ देते आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होते. युरोपच्या कायद्यानं तिची सततची क्षमता २५० वॉट धरलेली आहे. भारतातही याच मर्यादेतल्या सायकलला नोंदणी लागत नाही. थोडक्यात, कितीही पैसे ओतले तरी सपाटीवर मोटरच्या जोरावर २६ चा वेग मिळत नाही. किमतीचा विचार करताना ही गोष्ट आधी लक्षात ठेवायची.

हे यंत्र जन्माला यायचं कारण साधं आहे. लांब ट्रॅव्हलची सायकल उताराला राणी आणि चढाला ओझं. त्यामुळे तिला वर न्यायला रोपवेचा पाळणा किंवा गाडी लागायची. इटलीतल्या फिनाले लिगुरेत समुद्रकाठच्या गावातून वरच्या जुन्या नाटो तळापर्यंत, सुमारे हजार मीटर उंचीवर, व्हॅनला ट्रेलर जोडून सायकली चढवतात. बाड विल्डबाडला सोमरबर्गची रज्जूरेल्वे आहे. मोटर आली आणि ज्या डोंगरावर पाळणा नाही, व्हॅन नाही, तिथलाही चढ आवाक्यात आला. २०१० मध्ये श्वाइनफुर्टच्या हायबाइकनं बॉशची मोटर माउंटन बाइकच्या सांगाड्यात बसवली, तेव्हा ‘ही फसवणूक आहे’ म्हणणारे पुष्कळ होते. २०१९ मध्ये कॅनडात इलेक्ट्रिक माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि फसवणुकीची भाषा बरीचशी विरली.

आता किमती. या वर्गातली चांगली सायकल साधारण पाच हजार युरोंपासून सुरू होते आणि वरच्या टोकाला तेरा-चौदा हजारांपर्यंत जाते. पुण्यातल्या माझ्या आतेभावानं आकडा ऐकला तेव्हा तो फोनवर म्हणाला, “अरे दादा, चौदा लाखांत इथे चारचाकी येते.” त्याचं खरं आहे. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की पुष्कळदा पाच हजारांच्या आणि बारा हजारांच्या सायकलीत मोटर एकच असते. सांगाड्याचे कोन, चाकांमधलं अंतर, ट्रॅव्हलसुद्धा तेच. मग वरचे सात हजार जातात कुठे?

मोठा वाटा वजन कमी करण्यात जातो. अॅल्युमिनियमऐवजी कार्बनचा सांगाडा, कार्बनची चाकं, कार्बनचं हँडल. सगळं मिळून दीड-दोन किलो उतरतात. याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानं होतो. माणूस, सायकल, पाणी, पाठीवरचं सामान मिळून ११० किलो धरले, तर ते हजार मीटर वर न्यायला सुमारे ३०० वॉट-अवर ऊर्जा लागते. सिंहगडाची डोणज्यापासूनची उंची साधारण सहाशे मीटर, म्हणजे हे त्याच्या दीडपटीहून जास्त झालं. टायरची ओढ, मोटरमधली उष्णता हे वरून. आता सायकलचं वजन एक किलोनं कमी केलं, तर हजार मीटरच्या चढाला वाचतात फक्त तीन वॉट-अवर. बॅटरी ७५० ची. त्या तीनासाठी कोणी हजार-दीड हजार युरो मोजत असेल, तर चढावर त्याला काही मिळालेलं नाही. बिनमोटरच्या सायकलीत एक किलो मांड्यांना कळतो. इथे तो मोटर उचलते.

वजनाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. वाटेत आडवं पडलेलं झाड ओलांडताना, गाडीच्या मागच्या रॅकवर चढवताना, तिसऱ्या मजल्यावर नेताना तोच किलो आपल्या पाठीवर येतो. पन्नास-पंचावन्न किलोंच्या माणसाला २५ किलोंची सायकल वळणात झुकवणं, उडीवर उचलणं जड जातं. त्याच्यासाठी हलकी सायकल हा नुसता शौक नाही. माझ्यासारख्या ८० किलोंच्या माणसानं मात्र त्याच्या पाठोपाठ जाऊ नये.

खर्च करायचा तर मी डॅम्परवर करीन. शॉकअपमध्ये दोन कामं चालतात. हवा किंवा स्प्रिंग धक्का झेलते आणि डॅम्पर तो जिरवतो. तेल बारीक भोकांतून आणि पातळ पत्र्यांच्या चकत्यांमधून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. स्वस्त डॅम्परमध्ये तेलाला एकच वाट असते. हळू दाब आला, जसा ब्रेक मारल्यावर येतो, तर चिमटा पुढे झुकतो; आणि मुळांवरून वेगानं जाताना तेच तेल तुंबून मनगटं ठेचली जातात. चांगल्या डॅम्परमध्ये हळू दाबाला एक वाट, जोराच्या दाबाला दुसरी. उताराच्या शेवटी बोटं उघडतात की आखडून राहतात, यावर डॅम्पर कळतो. फॉक्सचा ३८ आणि रॉकशॉक्सचा झेब हे दोन्ही ३८ मिलीमीटर जाडीच्या नळ्यांचे चिमटे २०२० मध्ये आले आणि या वर्गात तेच सर्वात जास्त दिसतात. दोघांच्याही तीन-चार आवृत्त्या असतात. सर्वात खालची सोडायची आणि मधली घ्यायची. सर्वात वरच्या आवृत्तीत फिरवायच्या बटणांची संख्या वाढते, फॉक्सच्या नळ्यांना सोनेरी काशिमा लेप मिळतो. लेप सुंदर आहे. पण घर्षणातला फरक डोळे बांधून सांगता येईल इतका मला तरी कधी जाणवला नाही, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक लोक ती बटणं एकदा लावून पुन्हा हात लावत नाहीत.

त्यानंतर टायर. कारखान्यातून येणाऱ्या सायकलींवर वजनाचा आकडा छान दिसावा म्हणून पातळ भिंतीचे टायर असतात. टोकदार दगडावर ते रिमपर्यंत दबतात आणि फाटतात. जाड भिंतीचा टायर जोडीमागे पाचशे-सहाशे ग्रॅम जड, आणि तो बदलायला लागतात दीडेकशे युरो. गिअरमध्ये मी सर्वात कमी पैसे घालीन. मोटर आणि माणूस मिळून चेनवर जो ताण आणतात, त्यात महागडी हलकी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि साधी पोलादी कॅसेट दोन्ही झिजतात. साधी मात्र निम्म्याहून कमी पैशांत बदलून मिळते. चिखलात घासून शंभर वेळा धुतल्या जाणाऱ्या वस्तूवर सोन्याचा मुलामा कशाला.

मोटरचं वेगळंच आहे. ती विकत घेतल्यानंतरही बदलत राहते. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स २०१५ मध्ये आली. २०१९ मध्ये ती जवळपास किलोभर हलकी होऊन २.९ किलोंवर आली. पुढच्या वर्षी नुसत्या सॉफ्टवेअरनं तिची पिळाची ताकद ७५ न्यूटन-मीटरवरून ८५ झाली. लोक दुकानात गेले, मेकॅनिकनं तार जोडली, झालं. जुलै २०२४ मध्ये फ्रँकफर्टच्या युरोबाइक प्रदर्शनात ड्रोन बनवणाऱ्या चिनी डीजेआयनं एविनॉक्स मोटर दाखवली: २.५२ किलो आणि १०५ न्यूटन-मीटर. त्या प्रदर्शनानंतर या धंद्यातली शांतता मोडली. २०२५ मध्ये बॉशनंही सॉफ्टवेअरनं आपली नवी मोटर १०० वर नेली. मला यातून एवढं कळतं, की न्यूटन-मीटरच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. ८५ वरसुद्धा ओल्या मुळांवर मागचं चाक घसरतं; तिथे कमी असते ती टायरची पकड.

बॅटरीवर मात्र काटकसर नको. माझी ७५० ची मधल्या मोडवर साधारण १,६०० ते १,८०० मीटर चढ देते. ५०० ची घेतली असती तर दुसरा डोंगर राहिला असता. आणि ती काही वर्षांनी बदलावी लागणार, हे धरूनच खरेदी करायची. नवी मिळते काहीशे युरोंना, कधी हजाराच्या घरात.

किमतीच्या फलकावर न दिसणारी एक गोष्ट आहे: दुरुस्ती. आमच्या ऑफिसातल्या एकानं इंटरनेटवरून थेट कारखान्याकडून सायकल घेतली. हजार-बाराशे युरो वाचले, सायकल खरोखर उत्तम. दुसऱ्या हंगामात मोटरवर लाल दिवा लागला. जवळच्या दुकानदारानं हात लावायला नकार दिला. लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून पार्सलमध्ये सहज जात नाही. सात आठवडे, तेही जून-जुलैचे, सायकल खोक्यात पडून होती. इथला उन्हाळा किती लहान असतो, हे त्याला विचारा. मी ज्या दुकानात जातो तिथे मालक स्वतः स्टँडवर सायकल टांगतो, मागचं चाक धरून बाजूला हलवतो आणि डोळे मिटून बेअरिंगमधली ढिलाई ऐकतो. तो सगळ्यांना एकच सांगतो: पाण्याचा फवारा मोटरच्या आसावर मारू नका. ताकदीनं मारलेलं पाणी सीलमधून आत जातं, बेअरिंगचं ग्रीस धुवून नेतं आणि दोन वर्षांची हमी संपली की तो खर्च आपला. त्याच्याकडे सायकल थोडी महाग पडते. ते पैसे मी सायकलच्या किमतीतच धरतो.

एवढ्या महाग सायकली घेतं कोण, असं आतेभावानं विचारलं होतं. जर्मनीत पुष्कळशा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर भाड्यानं घेतलेल्या असतात. फ्रायबुर्गची जॉबराड ही कंपनी २००८ पासून हे करते. ३६ महिने पगारातून हप्ता कापला जातो आणि करासाठी दरमहा छापील किमतीचा फक्त पाव टक्का उत्पन्नात धरतात. महिन्याचा आकडा लहान दिसला की माणूस एक पायरी वरचं मॉडेल घेतो. कोविडच्या काळात मागणी फुगली, कारखान्यांनी भरमसाठ माल मागवला आणि २०२३-२४ मध्ये तोच माल तिसरा हिस्सा किंमत तोडून विकायची वेळ आली. ब्रिटनमधली सायकली विकणारी विगल-चेन रिअॅक्शन ही कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हापासून छापील किंमत म्हणजे खरी किंमत, असं कोणी धरत नाही.

आतेभावाला मी यातली कुठलीच सायकल सुचवली नाही. पुण्यात ईमोटोरॅडसारखी कंपनी आहे, तिच्या बहुतेक सायकलींची मोटर चाकाच्या हबमध्ये असते. शहरासाठी आणि कच्च्या रस्त्यासाठी ती पुरते. उभ्या चढावर मात्र हबच्या मोटरला गिअरचा फायदा मिळत नाही. पेडलजवळच्या मोटरला मिळतो. त्याचं काम रोज सिंहगड रोडनं ऑफिसला जायचं आहे, आणि त्याला १८० मिलीमीटरचा चिमटा नको.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या मुलीसाठी भाड्याची मुदत संपलेली सायकल बघायला गेलो होतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा, मधल्या आवृत्तीचा चिमटा, ६२५ ची बॅटरी. दुकानदाराकडून संगणकावर बॅटरीचे चार्ज मोजून घेतले: १४० पूर्ण फेऱ्या. सीट धरून मागचं चाक उचललं, ढिलाई नव्हती. चिमट्याच्या नळीवर नखानं चाचपलं, ओरखडा नव्हता. मग गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात दोन्ही डिस्क फिरवून वाचल्या. ती अक्षरं नव्हती. ३,४०० युरोंना सायकल घेतली. पुढचा टायर पातळ भिंतीचा होता, तो त्याच संध्याकाळी आमच्या तळघरात बदलला; मुलीनं स्वतः लिव्हर लावून तो रिमवरून काढला.