म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा तरी

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की पवनारला धाम नदी लागते. काठावर विनोबांचा आश्रम आहे. ५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. सुरुवातीला उपचार घेतले, पण पुढं अन्न, पाणी, औषध तिन्ही थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. तेव्हा माझा जन्मही नव्हता. जुनी माणसं मात्र अजून सांगतात. विनोबांचा मार्ग तपस्व्याचा. तो घरोघरी कुणी धरावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी त्यातली एकच गोष्ट घेतो: जाणाऱ्यानं स्वतःचं मत सांगितलं आणि भोवतालच्यांनी ते ऐकलं.

आमच्या घरी असं झालं नाही. मोठ्या बाबांना खर्ऱ्याची सवय. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो गळ्यात उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की आता बरं होणं नाही. ते आम्ही मोठ्या बाबांना सांगितलंच नाही. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, असे तीनदा नेले. बैलजोडी विकली, दोन एकर गहाण पडलं. एकदा ते म्हणाले, "मले आता घरी राहू द्या रे, वावर पाहू द्या." सगळ्यांनी मान फिरवली. लोक काय म्हणतील, पोरांनी बापाले सोडलं! परत आणताना गाडीतच गेले. तूर फुलावर होती, ती काही त्यांनी पाहिली नाही.

पैसा गेला त्याचं दुःख आहेच, पण जास्त सलते ती त्यांची वेदना. रात्रभर कण्हायचे. "बरं होणार नाही" म्हणजे "काहीच करता येत नाही" असा आमचा समज होता. तो चूक होता हे मला फार उशिरा कळलं.

शेतकरी बंधूंनो, बोंडअळी अन् बीजप्रक्रिया हा माझा विषय, औषधोपचार नव्हे. म्हणून विचारून, समजून घेतलं तेवढंच सांगतो. रोग हटत नसला तरी दुखणं, दम लागणं, मळमळ कमी करण्याचं वेगळं शास्त्र आहे. त्याला परिहार सेवा म्हणतात. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन याच कामासाठी निघालं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी असते. ती मिळणं पूर्वी फार किचकट होतं. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात घेतली तर व्यसनाची भीती धरू नये. पोट मात्र बांधते, म्हणून जुलाबाचं औषध सोबत मागून घ्यावं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात सरळ विचारा, "दुखणं कमी करणारं काय देता?" गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या कामातही ही सेवा धरलेली आहे. आशाताईंपासून सुरुवात करा.

घरची कामं आपली. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाही तर पाठीला जखमा होतात. चादरीची चुणी काढावी. ओठ, जीभ ओल्या फडक्यानं पुसावी. शेवटी शेवटी भूक मरते. बळजबरीनं घास भरवला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आमची मोठी आई चमच्यानं पेज कोंबत होती, मायेनंच. हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि सेवा करणारी बहुधा घरची एकच सून असते. तिला रात्रीची झोप मिळेल अशी पाळी भावांनी लावावी.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं माणसाला आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला: बरं होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर केवळ यंत्रावर लांबवू नका. २४ जानेवारी २०२३ ला रीत सोपी झाली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही, आणि आपल्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचं नाव. हा कागद केव्हाही बदलता येतो. अंमल दवाखान्यात दोन वैद्यकीय मंडळांनी पाहिल्यावरच होतो. इंजेक्शन देऊन मारणं यात बसत नाही, तो गुन्हाच आहे. या कागदाची प्रत स्थानिक संस्थेकडे द्यायची, त्यात पंचायतही आली, आणि ती सांभाळायला संस्थेनं अधिकारी नेमायचा आहे. तेव्हा उद्या एखादी म्हातारी असा कागद घेऊन कार्यालयात आली तर तिला हसून परत पाठवू नका.

माझ्या वडिलांनी आमच्या घरी हा विषय मागच्या पोळ्याला काढला. मोठ्या बाबांचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "मले शेवटी ओसरीत ठेवजा, दार उघडं ठेवजा." आई रागावून आत गेली. मी वहीत लिहून घेतलं. नोटरीकडे जायचं अजून राहिलं आहे. वेचणी झाली की जाऊ.