‘प्रति’ आणि ‘पत्री’ : क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सरकारची दोन नावे

इ. स. १९४३ ते १९४६ या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेला बाजूस सारून जी लोकसत्ता चालली, तिला मराठीत दोन नावे आहेत. इतिहासग्रंथांत ती ‘प्रतिसरकार’ या नावाने येते. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘पत्री सरकार’ आहे. पहिले नाव शुद्ध व दुसरे त्याचा अपभ्रंश, असे सांगून हा प्रश्न बहुधा मिटविला जातो. ही उपपत्ती सोपी आहे, परंतु ध्वनिविचाराच्या कसोटीस ती उतरत नाही. ती का उतरत नाही याचा शोध घेऊ लागले म्हणजे अभ्यासकाला शब्दाकडून माणसाकडे, म्हणजे या सरकारचे नेते नाना पाटील यांच्या राजकीय जीवनाकडे, वळावे लागते.

१. तलाठ्याचा राजीनामा

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र. हे गाव वाळवे तालुक्यातले. तो तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तरुणपणी नानांनी काही वर्षे तलाठ्याची नोकरी केली. १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत पडण्यासाठी त्यांनी ती सोडली. पुढील बारा वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला.

चरित्रातील हा तपशील किरकोळ नव्हे. तलाठी हा राज्ययंत्रणेचा शेवटचा दुवा असतो. सरकारच्या दप्तरातील भाषा त्याला लिहावी लागते आणि शेतकऱ्याच्या ओसरीवरील भाषा त्याला बोलावी लागते. ‘आकारणी’, ‘तगाई’, ‘जप्ती’ हे शब्द कागदावर कसे दिसतात आणि ज्याच्या घरावर ते येऊन पडतात त्याला कसे ऐकू येतात, या दोन्हींची जाण त्या पदावरील मनुष्यास होते. नाना पाटलांच्या वक्तृत्वाची ख्याती सर्वत्र होती. ते वक्तृत्व ग्रंथिक मराठीचे नव्हते. वाळवे-तासगाव भागातील कुणब्याच्या रोजच्या बोलीतच ते सभा जिंकीत. या मुलखात सत्यशोधक चळवळीने आधीच जमीन नांगरून ठेवली होती. तिच्याच वळणाने नानांनी अल्प खर्चाच्या विवाहांचा प्रचार केला. ‘गांधी विवाह’ या नावाने ते विवाह ओळखले जात. लग्नापायी होणारे कर्ज, कर्जापायी जाणारी जमीन आणि जमिनीपायी येणारे दास्य ही साखळी तलाठ्याने दप्तरात पाहिलेली होती. राजकीय स्वातंत्र्याची गोष्ट त्यांनी श्रोत्यांना या ओळखीच्या वाटेने सांगितली.

२. १९४२ नंतरची पोकळी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’ ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृती कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. ज्या नगरात देशाचे नेतृत्व असे कोंडले गेले, त्याच नगरचे अच्युतराव पटवर्धन बाहेर राहून भूमिगत चळवळीच्या सूत्रधारांपैकी एक झाले. साताऱ्याच्या कार्यकर्त्यांशीही त्यांचा संबंध राहिला. वरचे नेतृत्व नाहीसे झाल्यामुळे निर्णयाचा भार जिल्ह्यातील माणसांवर येऊन पडला होता.

साताऱ्यात प्रथम तालुका कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्च्यांवर गोळीबार झाला व माणसे मारली गेली. त्यानंतर चळवळीने रूप पालटले. १९४३ पासून गावोगावी स्वयंसेवक दले व न्यायदान मंडळे उभी राहिली. कुंडल हे तुफान सेनेचे केंद्र झाले. नाना पाटील हे या सर्वांचे सर्वमान्य नेते, त्यांच्यासह जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर इत्यादींनी निरनिराळ्या भागांत काम उचलले. खर्चासाठी सरकारी पैशावर छापे घालण्यात आले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे लुटलेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा खजिना हा त्यांतील सर्वांत मोठा होय.

कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. संस्थानच्या हद्दी ब्रिटिश मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या असल्यामुळे भूमिगतांना एका हद्दीतून दुसरीत जाणे सोपे पडे. शिवाय औंधात १९३९ पासून ग्रामपंचायतींच्या पायावर स्वराज्याचा प्रयोग चालू होता. गावाने आपले तंटे आपण मिटवावेत ही कल्पना त्या परिसरास नवी नव्हती.

३. नावाचा विचार

‘प्रतिसरकार’ हा समास संकरित आहे. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग, तर ‘सरकार’ हा फारसीतून आलेला शब्द. मराठीत ‘प्रति’ या उपसर्गाच्या मुख्य अर्थच्छटा तीन. ‘प्रतिकार’, ‘प्रतिपक्ष’ यांत तो विरोध दाखवितो. ‘प्रतिबिंब’, ‘प्रतिमा’ यांत सादृश्य दाखवितो. ‘प्रतिनिधी’ या शब्दात तो दुसऱ्याच्या जागी उभे राहणे दाखवितो. औंधच्या अधिपतींची ‘पंतप्रतिनिधी’ ही उपाधी याच अर्थाची. साताऱ्याच्या लोकसत्तेस या तिन्ही छटा लागू पडतात. ती ब्रिटिश सरकारच्या विरोधात होती, न्यायदान व बंदोबस्त या बाबतींत सरकारासारखी होती, आणि जेथे सरकारचा अंमल उठला होता तेथे त्याच्या जागी होती. नाव ठेवणाऱ्यांची निवड अचूक होती असेच म्हणावे लागते.

मग ‘पत्री’ कोठून आले? ग्रामीण बोलींत शब्दारंभीच्या ‘प्र’ची वाट ठरलेली आहे. जोडाक्षर फुटते आणि मध्ये अकार येतो : प्रकार – परकार, प्रसाद – परसाद, प्रपंच – परपंच. या स्वरभक्तीच्या नियमाने ‘प्रति’चे ‘परती’ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात जे रूप रूढ झाले त्यात ‘प्र’ हे जोडाक्षर गेले खरे, पण त्याच्या जागी ‘त्र’ हे दुसरे जोडाक्षर आले. आणि ‘त्र’देखील त्याच बोलींना जड जातो : पत्र – पत्तर, चित्र – चित्तर. उच्चारसौकर्य हाच हेतू असता तर जिभेने एक खडक टाळून दुसऱ्यावर नाव घातली नसती. येथे वर्णविपर्यय झाला आहे हे उघड आहे; ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तसाच. परंतु विपर्ययाला ही दिशा का मिळाली, याचे उत्तर ध्वनींत सापडत नाही. ते अर्थात आहे. ‘पत्री’ हा शब्द शेतकऱ्याच्या भाषेत आधीपासून होता आणि नव्या, अपरिचित ‘प्रति’ला त्याने आपल्याकडे ओढून घेतले. भाषाशास्त्रात या व्यापारास लोकव्युत्पत्ती म्हणतात.

४. बैलाची पत्री

हा जुना शब्द समजण्यासाठी जनावरांच्या बाजाराकडे वळले पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गावाच्या नावात घोडे असले, तरी बाजाराची ख्याती गुराढोरांची आहे. आणि येथे जो भेद पाहावयाचा तोही या दोन जनावरांमधलाच. घोड्याला नाल मारतात, बैलाला पत्री. घोड्याचा खूर अखंड असल्याने त्याला एकच वळसेदार नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. म्हणून प्रत्येक खुरास दोन चपट्या लोखंडी पत्र्या लागतात. खडीच्या रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाचे खूर झिजू नयेत यासाठी हा उपाय. त्यासाठी बैलाला दोराने आडवा पाडतात, त्याचे पाय जखडतात आणि वर आलेल्या तळव्यावर खिळे ठोकतात.

‘पत्री’, ‘पत्रा’ आणि पूजेची ‘पत्री’ या सर्वांचे मूळ संस्कृत ‘पत्र’, म्हणजे पान. त्याच मूळ शब्दाचे प्राकृतातून आलेले तद्भव रूप ‘पाते’. पानाच्या पातळपणावरून धातूच्या पातळ तुकड्याकडे अर्थ सरकला आहे.

प्रतिसरकारच्या न्यायदानात दंड, समज, समेट हे मार्ग होतेच. परंतु दरोडेखोर, फितूर आणि गावगुंड यांना शारीरिक शिक्षाही होत असे. ती शिक्षा तळपायावर काठीचे फटके मारण्याची. आडवा पाडलेला मनुष्य, जखडलेले पाय आणि तळव्यावर पडणारा घाव हे दृश्य शेतकऱ्याने बाजारात अनेकदा पाहिलेले होते. त्याने त्या शिक्षेस ‘पत्री मारणे’ म्हटले आणि ती शिक्षा देणाऱ्या सत्तेला ‘पत्री सरकार’. गुन्हेगारांच्या पायांना खरोखरच लोखंडी पत्री ठोकली जाई, अशीही समजूत पुढे पसरली. चळवळीतील कार्यकर्त्यांनी मात्र तिचा अर्थ तळपायावरचे फटके एवढाच सांगितला आहे. रूपकाचे मूळ विसरले की रूपक शब्दशः घेतले जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

५. दोन नावे, एक नेता

या दोन नावांत चळवळीची दोन अंगे उतरली आहेत. ‘प्रति’ हे कार्यकर्त्यांनी ठेवलेले नाव. त्यात सत्तेच्या अधिकाराचा दावा आहे. ‘पत्री’ हे लोकांनी ठेवलेले नाव. त्यात त्या सत्तेचा अनुभव आहे, आणि अनुभवात समाधानाबरोबर धाकही आहे. इतिहासकाराने ‘पत्री’ला चूक ठरवून खोडले, तर काठी दृष्टीआड होते. विरोधकाने तेवढेच नाव उचलले, तर न्यायमंडळे, दारूबंदी आणि काटकसरीचे विवाह दृष्टीआड होतात. गांधीजींच्या नावाने विवाह लावणाऱ्या नेत्याच्या सरकारने फटक्यांची शिक्षा चालविली, ही विसंगती आहेच. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला; साताऱ्यातील बहुसंख्य कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. नाना पाटलांचे नेतृत्व या विसंगतीच्या वर तरंगणारे नव्हते. ते तिच्या आतच उभे होते, आणि त्यांचे मोठेपण मोजावयाचे तर तेथेच मोजले पाहिजे.

१९४६ मध्ये प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली आणि पावणेचार वर्षे न सापडलेले नाना कराड येथे लोकांसमोर आले. ‘क्रांतिसिंह’ ही उपाधी आता त्यांच्या नावाचाच भाग झाली होती. परंतु पुढची वाट सत्तेकडे गेली नाही. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात आले आणि तेथून पुढे कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये तीच जागा काँग्रेसच्या किसन वीरांकडे गेली. एकाच प्रतिसरकारातील दोन सहकारी लागोपाठच्या दोन निवडणुकांत परस्परविरोधी पक्षांतून एकाच मतदारसंघाचे प्रतिनिधी व्हावेत, यावरून त्या सरकारचे ऐक्य पक्षीय विचारांवर नव्हे, तर परक्या सत्तेच्या प्रतिकारावर उभे होते हे दिसते. १९६७ मध्ये नाना नगर जिल्ह्याला लागून असलेल्या बीडमधून पुन्हा लोकसभेत गेले. लोकसभेतही त्यांनी मराठीतून भाषण केले. तलाठ्याच्या दप्तरापासून संसदेपर्यंत राज्यसंस्थेची भाषा बदलत गेली, नानांची बदलली नाही. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

बापू लाड २०११ मध्ये आणि नागनाथ नायकवडी २०१२ मध्ये निवर्तले. चळवळ डोळ्यांनी पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. त्याच वेळी ट्रॅक्टरमुळे ओढकामाचे बैल कमी होत गेले आणि त्यांबरोबर पत्री ठोकणारे कारागीरही. शब्द राहिला, पण ज्या वस्तूने त्याला अर्थ दिला ती दृष्टीआड होत आहे. म्हणून पदव्युत्तर अभ्यासकांपुढे एक मर्यादित पण निकडीचे काम आहे. वाळवे, तासगाव, कुंडल येथील वृद्धांकडून ‘पत्री सरकार’ या शब्दाचे प्रयोग जसे नोंदवावयास हवेत, तसेच घोडेगावसारख्या बाजारांत नालबंदांच्या व्यवसायातील शब्दही, त्यांच्या उच्चारासह, नोंदवावयास हवेत. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजेच ‘प्रति’चे ‘पत्री’ नेमके कोणत्या भागात आणि कोणत्या अर्थच्छटेने झाले, हे पुराव्याने सांगता येईल.