केशगळती : तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?

गेल्या श्रावणात एक तरुण विवाहिता सासूबाईंसह माझ्या दवाखान्यात आली. लोंढ्याचा पाऊस वाचकांना ठाऊक आहेच; डोक्यावरचा स्कार्फ भिजून निथळत होता, तरी ती तो काढावयास तयार नव्हती. सासूबाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत केसांचा मोठा गुंता होता. "मुळासकट येत्यात बगा, डाक्टर," त्या म्हणाल्या, "असंच चाललं तर म्हैन्याभरात डोई बोडकी हुतेय." 'बोडकी' हा शब्द कानी पडताच सून रडू लागली.

सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हते, परंतु त्या शब्दाला आपल्या समाजात दीर्घ इतिहास आहे. विधवेचे केशवपन हे तिच्या सामाजिक मृत्यूचे चिन्ह होते. ती प्रथा मोडावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला होता. प्रथा गेली, शब्दाची धार मात्र उरली. केस गळत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला 'एवढे काय त्यात' असे म्हणून वाटेस लावणाऱ्या समव्यवसायी मित्रांनी हे ध्यानी घ्यावे. (आरंभीच्या काळात मीही तसेच म्हणत असे.)

मी पुडीतील एक केस उचलून प्रकाशात धरला. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. यालाच लोक 'मूळ' समजतात आणि घाबरतात. वस्तुतः तो विश्रांतीस गेलेल्या केसाचा वाळलेला शेवट असतो. ज्यातून केस उगवतो तो कोश त्वचेखाली शाबूत राहतो. हे तिला दाखविले तेव्हा तिचे रडे थोडे थांबले. मग विचारले, "बाळंतपण कधी झाले?" उत्तर आले, "वैशाखात." निदान बव्हंशी तेथेच झाले.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे मंदावतो आणि मग सुमारे तीन महिने विसावून गळून पडतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे स्वाभाविकच होय. गरोदरपणी वाढीचा काळ लांबतो व केस दाट दिसतात. प्रसूतीनंतर ते सारे एकदम विश्रांतीस जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात. टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुनिया यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, कडक उपास, घरातील मृत्यू, या सर्वांनंतर हेच घडते. 2020-21 च्या कोविडनंतर तर अशा स्त्रियांची रीघच लागली होती. वैद्यकात यास टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. रुग्णेला मात्र आज गळणाऱ्या केसांचे कारण आजच्या पाण्यात, साबणात वा तेलात दिसते. ती तेल बदलते, महिना-दोन महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि श्रेय तेलाला मिळते! याच काकतालीय न्यायावर अनेक महागड्या बाटल्या विकल्या जातात.

आपोआप थांबते म्हणून तपासणी मात्र टाळू नये. गळती सहा महिन्यांपुढे गेली, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड पाहावेतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. येथे एक इशारा: केसांसाठी म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे अहवाल चुकीचे येऊ शकतात. रक्त घेण्यापूर्वी त्याविषयी अवश्य विचारावे.

दुसऱ्या प्रकारात तीन महिन्यांपूर्वी काहीच घडलेले नसते. पुडीभर केस नसतात, पण भांग वर्षागणिक रुंदावत जातो. पुढची केशरेषा मात्र टिकून असते. हे आनुवंशिक विरळपण. लुडविग यांनी 1977 मध्ये त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत. येथे मिनॉक्सिडिलचा उपयोग होतो, परंतु पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. हे आधी सांगितले नाही, तर बाटली उकिरड्यावर जाते. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात व औषध थांबविल्यास लाभही ओसरतो. गरोदर स्त्रीस ते देऊ नये. सोबत पाळीची अनियमितता वा चेहऱ्यावर लव असेल, तर अंतःस्रावी ग्रंथींची तपासणी करावी. गोल चकत्या पडणारी चाई व घट्ट वेणी-अंबाड्याने मागे सरकणारी केशरेषा हे प्रकार निराळेच. त्यांपैकी दुसऱ्याचा उपाय प्रथम केस सैल बांधणे हाच.

आणि केस तीन महिन्यांनी नव्हे, तीन-चार दिवसांतच हातात येऊ लागले तर? तेव्हा विषाचा संशय घ्यावा. 2024 च्या अखेरीस व जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात नेमके हेच घडले. बोंडगाव, कालवड अशा गावांत स्त्री-पुरुष, मुले यांच्या डोक्यास प्रथम खाज सुटे आणि काही दिवसांत टक्कल पडे. संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन रक्त, लघवी, केस व रेशनच्या गव्हाची तपासणी करविली; त्यांच्या मते दोष पंजाबातून आलेल्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमचा होता. सेलेनियम शरीरास हवेच, पण दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम. 400 च्या पलीकडे ते घातक ठरते. अमेरिकेत 2008 साली एका चुकीच्या मिश्रणाच्या पौष्टिक द्रावणाने 201 जणांना सेलेनियमची बाधा झाली, त्यांतही केस गळणे हे ठळक लक्षण होते. शेगावकडील तरुण मुली महाविद्यालयात जाईनाशा झाल्या, ठरलेली लग्ने अडली, अशा बातम्या वाचल्या तेव्हा मला ती कागदाची पुडी आठवली. आपल्या खेड्यांतही धान्य रेशनचेच येते. तेव्हा एकाच गल्लीतील दोन घरांतून अशी तक्रार आली, तर मलम लिहून देण्याआधी आरोग्य केंद्रास कळवावे व धान्य जपून ठेवण्यास सांगावे.

त्या सुनेला मी लोहाच्या गोळ्या दिल्या. नाचणी, कडधान्ये व अंडी खाण्यास सांगितले. न्हाणे बंद करू नये असे बजावले. न्हाताना गळतात म्हणून पुष्कळ स्त्रिया न्हाणेच टाळतात, आणि मग एकदम ओंजळभर केस आले की धसका घेतात. पुडी बांधणे व केस मोजणेही थांबविण्यास सांगितले. सासूबाईंना बाजूस घेऊन तो शब्द पुन्हा न उच्चारण्याची विनंती केली. त्या ओशाळल्या.

माघात त्या बाळाला गोवरच्या लसीसाठी घेऊन आल्या. सुनेच्या डोक्यावर स्कार्फ नव्हता. कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे होते. तेल लावूनही ते बसत नाहीत, अशी सासूबाईंची तक्रार होती.