राउटरचं बियाणं

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा घरी भिंतीवर एक छोटी पेटी असेल. तिला दोन-तीन शिंगं असतात आणि अंगावर दिवे लुकलुकत असतात. तिचं नाव राउटर. आज तिचीच गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, तीही कबूल करते.

आमची शाळा लातूर-नांदेड रस्त्यापासून थोडी आत, एका खेड्यात आहे. जून महिना होता. पाचवीच्या मुलांचे नवोदय प्रवेश परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे म्हणून पालकांना बोलावलं होतं. दोन अर्ज भरून झाले आणि इंटरनेट एकदम बंद! वर पाहते तर काय, चौथीतला एक पठ्ठ्या स्टुलावर उभा आणि हातात कर्कटक. राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. आत काय आहे बघावं म्हणून त्यानं त्यात टोक घालून दाबून धरलं होतं.

ते होतं रीसेटचं बटण! ते साधारण दहा सेकंद दाबून धरलं की राउटर शिकवलेलं सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हा होता तसा कोरा होतो.

आता ‘शिकवलेलं’ म्हणजे काय? लातूरचं बसस्थानक डोळ्यांसमोर आणा. नांदेडची गाडी कोणत्या फलाटावर लागेल, अहमदपूर-लोह्यावरून कोणती जाईल, हे सगळं वाहतूक नियंत्रकाजवळच्या कागदावर असतं. समजा, तो कागदच हरवला. गाड्या धड आहेत, चालक हजर आहेत, रस्ताही जागेवर आहे. तरी सगळा गोंधळच!

राउटरही असाच नियंत्रक. माहितीचे छोटे छोटे तुकडे कुठून आले आणि कुठं धाडायचे, ते तो ठरवतो. इंटरनेट कंपनीनं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड, वायफायचं नाव, कोणत्या संगणकाला कोणता पत्ता, अशा सूचना त्याच्यात भरलेल्या असतात. या सूचनांच्या यादीला कॉन्फिगरेशन म्हणतात. आमची यादी पुसली गेली आणि तिची नक्कल कुणाकडेच नव्हती. पासवर्डाचा कागद कुठं ठेवला, तेही आठवेना. तालुक्याहून माणूस यायला तीन दिवस लागले. पेरणीच्या ऐन दिवसांत पालकांचे रोज बुडाले, आणि ते मला खरंच लागलं.

तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेतच येईना! संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील ओसरीवर ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मोजून मांडत होते. शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. ते म्हणाले, “बी राखून ठेवलं म्हणून भागत न्हाई, बाई. उगवतंय का ते आधी बघावं लागतंय.” खरंच आहे. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नव्हतं.

मला एकदम उलगडा झाला. शेतकरी सगळं धान्य विकत नाही, बियाण्यापुरतं राखतो. आम्ही राउटरचं बियाणंच राखलं नव्हतं! मी मुलाला म्हटलं, “चूक तुझी थोडी, माझी जास्त. उद्या शाळेत ये.”

हे बियाणं राखणं सोपं आहे. राउटरचं सेटिंगचं पान संगणकावर उघडलं की बहुतेक राउटरमध्ये ‘बॅकअप’ नावाचं बटण मिळतं. ते दाबलं की सगळ्या सूचनांची एक छोटी फाइल संगणकावर उतरते. पुढं कधी राउटर कोरा झाला, तर ‘रिस्टोअर’ म्हणून तीच फाइल परत भरायची. थोड्या वेळात राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो आणि पुन्हा शहाणा! एवढा वेळ वीज मात्र बंद करायची नाही.

बँका, विद्यापीठं यांच्याकडच्या मोठ्या राउटरची एक गंमत आहे. त्यांतल्या अनेकांत सूचना दोन ठिकाणी असतात. एक जागा फळ्यासारखी, वीज गेली की पुसली जाते. दुसरी वहीसारखी, वीज गेली तरी टिकते. नवी सूचना दिली आणि ‘जतन कर’ सांगायला विसरलं, तर ती फळ्यावरच राहते. मग वीज गेली की सूचनाही गेली! म्हणून तिथले तंत्रज्ञ आधी वहीत उतरवतात आणि त्या वहीची नक्कल दुसऱ्या संगणकावर ठेवतात.

मोठ्यांचीही फजिती होते बरं का! 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री नऊनंतर जगभर व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद पडलं होतं, आठवतं का? विचारा आई-बाबांना. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारं जाळंच तुटलं. लोकांचे फोटो, निरोप सगळं शाबूत होतं, पण तिथं जायची वाट नाहीशी झाली होती. दुरुस्ती करणाऱ्यांना दुरून आत शिरता येईना, कारण त्यांचीही वाट तीच! शेवटी माणसं प्रत्यक्ष त्या केंद्रांत गेली. सगळं सुरू व्हायला सुमारे सहा तास लागले.

यातून आपण काय घ्यायचं? नेट बंद असतानाही हाती लागेल अशी नक्कल हवी. फाइल फक्त इंटरनेटवर ठेवली, तर नेट गेल्यावर ती आणणार कशी?

आणि एक नक्कल दुसऱ्या जागी हवी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरं पडली, हजारो माणसं गेली. त्या दुःखापुढं राउटर काहीच नाही. पण घरातले कागदही घराबरोबर ढिगाऱ्यात जातात, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

आता आमच्या शाळेत एक फाइल संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि पासवर्डाचा कागद मुख्याध्यापकांच्या घरी बंद पाकिटात असतो. फाइलमध्येही पासवर्ड असतात, म्हणून ती व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायची नाही.

पण उगवण तपासायची राहिलीच होती ना! एका रविवारी आम्ही शाळेत जमलो. मी त्याच मुलाच्या हाती तेच कर्कटक दिलं. “दाब!” त्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग दाबलं. दिवे विझले. मी फाइल भरली. सगळे श्वास रोखून बसलो. आणि एकेक करत दिवे हिरवे झाले! पोरगं असं हसलं की काय सांगू.

करून पाहा (मोठ्यांना सोबत घेऊन)
1. राउटरचा बॅकअप घ्या. फाइलच्या नावात तारीख लिहा.
2. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत घ्या आणि ती वेगळ्या जागी ठेवा.
3. सेटिंग बदललं की नवी प्रत घ्या.
4. सुट्टीच्या दिवशी, कुणाचं काम अडणार नाही असं पाहून, फाइल परत भरून बघा. ती सहसा त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या राउटरला चालते.

मग काय, तुमच्या शाळेच्या राउटरचं बियाणं कुठं ठेवलंय? उद्याच गुरुजींना नाहीतर बाईंना विचारा. आणि हो, ते उगवतंय का, तेही विचारा!