सोनटक्क्याची निगा

सोनटक्का हा आले-हळदीच्या कुळातला. हेडिकियम कोरोनेरियम हे त्याचे शास्त्रीय नाव आणि पूर्व हिमालयाचा दमट, ओहोळांचा पट्टा हे त्याचे मूळ घर. तिथून तो जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत पोहोचला. क्यूबाने तर त्याला राष्ट्रीय फूल मानले. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे हे पांढरेशुभ्र फूल दिवस कलता कलता उमलते आणि रात्री उडणाऱ्या पतंगांना सुगंधाने बोलावते. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते. पण कणसात कळ्या पुष्कळ असतात, त्यामुळे बहर बरेच दिवस चालतो.

जमिनीवर दिसणारे दीड-दोन मीटर उंचीचे दांडे म्हणजे या झाडाचे खरे खोड नव्हे. ते मुख्यतः एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या तळांचे बनलेले असतात. खोड जमिनीखाली आडवे वाढते आणि वर्षानुवर्षे टिकते ते तेच. निगा राखायची ती या गड्ड्याची.

जागा निवडताना ओलावा आधी पाहावा. विहिरीची कड, पाटाचा काठ, नळाखालची ओलसर जमीन या झाडाला मानवते. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर उत्तम. भर उन्हात पानांच्या कडा करपतात, तर दाट सावलीत पाने जोमाने वाढतात पण फूल येत नाही. सोनटक्का फुलत नाही अशी तक्रार असेल, तर पहिला संशय सावलीवरच घ्यावा.

मे अखेरीस किंवा पहिल्या पावसात, दोन-तीन डोळे असलेले गड्ड्याचे तुकडे चार-पाच सेंटिमीटर खोल आडवे लावावेत. दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवावे. मातीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. कुंडी वापरायची असल्यास ती उंच असण्यापेक्षा पसरट असणे महत्त्वाचे, कारण गड्डा आडवा पसरतो. नत्राचा मारा मात्र टाळावा. त्याने पानेच माजतात.

पावसाळ्यात पाण्याची चिंता नसते. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकू देऊ नये. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करावे.

एक दांडा एकदाच फुलतो. कणीस संपले की तो जमिनीलगत कापून टाकावा, म्हणजे नव्या कोंबांना उजेड मिळतो. हिरवे, न फुललेले दांडे मात्र राखावेत. गड्ड्याला अन्न त्यांच्याच पानांतून मिळते. सगळे बेट एकदम छाटण्याची सवय अनेक बागांत दिसते, आणि पुढचा बहर तिथेच गमावला जातो.

तीन-चार वर्षांनी बेटाच्या मधोमध गर्दी होते आणि फुले रोडावतात. पावसाआधी बेट खणून जुना, निबर भाग काढून टाकावा आणि कडेचे ताजे तुकडे पुन्हा लावावेत. टाकाऊ गड्डे ओढ्यात किंवा नाल्यात फेकू नयेत. ओल्या जमिनीत ते सहज रुजतात. हवाई बेटे आणि ब्राझील इथे ओढ्याकाठचा मूळ झाडोरा दडपणारी वनस्पती म्हणून सोनटक्का आज डोकेदुखी झाला आहे. असे तुकडे उन्हात पूर्ण वाळवावेत, मगच खतात टाकावेत.